हिरव्या खांबांची ओळखपरेड

उंच, हिरवं, काटेरी खोड दिसलं की आपण ‘निवडुंग’ म्हणून मोकळे होतो. पण आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग मुळात कॅक्टस नव्हेच. तो एरंडाच्या कुळातला युफोर्बिया. जरा खरचटलं की पांढरा चीक गळतो. खऱ्या कॅक्टसची खूण म्हणजे काट्यांच्या प्रत्येक झुपक्याखालचा बारीकसा, लवदार उंचवटा, ‘एरिओल’. ही चक्क आखडून गेलेली फांदी आहे, आणि काटे ही तिची पानं! फुलंही इथूनच उमलतात. म्हणून फूल खोडावर नेमकं कुठे आलंय, हे आधी बघावं.

अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात साग्वारो आणि कार्दोन हे दोन महाकाय खांब भल्याभल्यांना चकवतात. दोघांच्या खोडावर उभ्या धारा. पाऊस पडला की पेटीच्या भात्यासारख्या फुलतात, पाणी आटलं की मिटतात. कार्दोनच्या फांद्या बहुधा बुंध्याजवळ फुटतात, साग्वारोच्या बऱ्याच वर. पण साग्वारोला पहिली फांदी यायलाच ५० ते १०० वर्षं लागतात, तोवर काय करायचं? फुलं बघायची. साग्वारोची पांढरी फुलं शेंड्यावर मुकुटासारखी दाटतात, कार्दोनची शेंड्याखाली बाजूंनाही उतरतात. फळ आलं तर प्रश्नच मिटला: कार्दोनचं फळ दाट राठ केसांनी मढलेलं, साग्वारोचं जवळजवळ गुळगुळीत. आणि झाड बाहा कॅलिफोर्नियाच्या रानातलं असेल तर एवढाही खटाटोप नको; तिथे साग्वारो आपोआप उगवतच नाही.

ऑर्गन पाइप ओळखायला सोपा, जमिनीपासूनच त्याचे खांब फुटतात. अ‍ॅरिझोनात त्याच्या नावाचं राष्ट्रीय स्मारक १९३७ पासून आहे. तिथलाच सेनिताही असाच झुडपी, पण त्याच्या धारा मोजक्या, बहुतेकदा पाच ते सात. त्याची खरी गंमत शेंड्यात. खाली आखूड, जाड काटे. वर, वयात आलेल्या भागावर, लांब, पिळदार, राखाडी केस. तुकडे वेगवेगळे दाखवले तर दोन जाती वाटाव्यात! काट्यांवरून नाव ठरवणाऱ्यांनी म्हणूनच झाडाचं वयही बघावं.

या केसांतून रात्री गुलाबीसर फुलं उमलतात. सेनिता पतंगाची मादी पोटावर पराग गोळा करून ते मुद्दाम फुलाला लावते, मग तिथेच अंडं घालते. अळी वाढते ती त्याच फळावर. मात्र बऱ्याचशा अळ्या फळात शिरण्याआधीच मरतात, त्यामुळे बी धरायला पुरेशी फळं उरतात.