खलबत्ता कुणाच्या हातात?

आपल्या वस्तीतील कोणत्याही घरात डोकावा. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, आणि चुलीच्या किंवा गॅसच्या शेजारी कोपऱ्यात खलबत्ता असतो. कुणाकडे लोखंडी, कुणाकडे दगडी, तर कुणाकडे आजीच्या काळातला पितळी. आता पुष्कळ घरी मिक्सर आला. तरीही लसणाच्या पाच पाकळ्या, मूठभर शेंगदाणे किंवा चहापुरते आले ठेचायचे म्हटले की हात खलबत्त्याकडेच जातो. हा हात कुणाचा, एवढाच प्रश्न आम्हाला आज विचारायचा आहे. पण त्याआधी या साध्या अवजाराची थोडी ओळख करून घेऊ.

दगड आणि दगड घडवणारे

आपला बीड जिल्हा काळ्या कातळावर वसला आहे. बालाघाटच्या डोंगरातला हा दगड टणक असतो. जाते, पाटा, वरवंटा, उखळ याच दगडातून घडले. घडवणारे हात वडार आणि पाथरवट बांधवांचे. छन्नी-हातोडा घेऊन ते गावोगाव फिरत आणि घासून गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून देत. टाकी लावली की दगड पुन्हा खरबरीत होतो आणि वाटण लवकर होते. गावाच्या घराघरांत ज्यांचे पाटे-वरवंटे गेले, त्यांची पाले मात्र गावाबाहेरच राहिली. पाट्याची आठवण काढताना या कष्टकऱ्यांचीही आठवण आपण ठेवली पाहिजे.

कुटल्याने काय होते?

मिक्सरचे पाते वेगाने फिरून जिन्नस कापते. भांडे तापते आणि मसाल्याचा वास उडू लागतो. शेंगदाण्याला तेल सुटून त्याचा गोळा होतो. खलबत्त्यात जिन्नस चेचला जातो. काही कण बारीक, काही जाडसर राहतात. कुटलेल्या चटणीची चव जिभेवर वेगळी लागते ती यामुळेच.

लसणाचेही तसेच आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती चेचली की आतले दोन घटक एकत्र येतात आणि तो झणझणीत, गुणकारी पदार्थ तयार होतो. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवावा आणि मग फोडणीत टाकावा.

जवसाची गोष्ट तर गरिबाच्या कामाची आहे. अख्खे जवस खाल्ले तर त्याचे टरफल पचत नाही, दाणा तसाच बाहेर पडतो. भाजून कुटले की त्यातले स्निग्ध पदार्थ अंगी लागतात. तीळ, कारळे, शेंगदाणे यांच्या चटण्यांनी ज्वारीच्या कोरड्या भाकरीला जोड दिली ती काही केवळ चवीपुरती नाही. भाजलेले धान्य, हरभऱ्याची डाळ आणि मसाला एकत्र दळून केलेल्या आपल्या मराठवाडी येसरनेही पातळ आमटीला अंग दिले. मराठवाड्यातील महार-मांगांच्या अशा खाद्यसंस्कृतीची नोंद शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केली आहे. आपल्या आज्यांनी कशावर दिवस काढले, हे कळण्यासाठी ते जरूर वाचावे.

कोपीतला बत्ता

दसरा-दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी भागातून ऊसतोड कामगारांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पिठाचे डबे, अंथरूण, कळशी आणि लेकरे यांच्यासोबत कुणाच्या बोचक्यात छोटा खलबत्ताही असतो. कोपीत मिक्सरला वीज कुठून आणायची? तोही नसेल तर मिरच्या तव्यावर भाजून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडल्या जातात. हा ठेचा भाकरीवर घ्यायचा आणि अंधारातच फडाकडे निघायचे.

पण हे सारे करते कोण? ऊस तोडायला दोघे, मोळ्या वाहायला दोघे. पहाटे उठून भाकरी थापायला, ठेचा रगडायला आणि पाणी भरायला मात्र एकटी बाई. कोयता दोघांचा आणि चूल एकटीची, हा हिशेब कुठल्या न्यायाने?

या बाईच्या शरीराचे काय झाले आहे, तेही सरकार दरबारी नोंदलेले आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्याची कारणे अनेक आहेत आणि खलबत्ता हे काही त्यांतले कारण नव्हे. परंतु ज्या शरीराने इतके सोसले, त्याच्यावरचा रोजचा भार थोडा तरी हलका करणे घरातल्या माणसांच्या हातात आहे.

ओवी गोड, कष्ट नव्हे

जुने ते सगळे सोने, असे सांगणारे लोक भेटतात. आम्हाला ते पटत नाही. आपल्या आयाबायांनी पहाटेच्या अंधारात जाते ओढले आणि जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. माजलगावच्या भीमनगरातील महिलांच्या अशा ओव्या १९९०च्या दशकात संशोधकांनी नोंदवून ठेवल्या. हा आपला अमोल ठेवा आहे. तथापि ओवी गोड होती म्हणून दळणे गोड नव्हते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जात्यासाठी कोणतीही बाई रडत बसली नाही. तसेच मिक्सरचे आहे. परवडत असेल तर जरूर घ्यावा, त्यात कसला कमीपणा? थोडे कुटायचे असेल, वीज गेली असेल, चटणी जाडसर हवी असेल, तेव्हा खलबत्ता आहेच.

दगड हा दगडच

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लग्नाच्या मुहूर्ताला उखळ-मुसळाला आंब्याची पाने बांधून पूजा करायची, बारशाला वरवंटा सजवून पाळण्याभोवती फिरवायचा, हे प्रकार अजूनही काही घरांत शेजाऱ्यांचे पाहून होतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यानंतर दगडापुढे हात जोडण्याचे कारण उरले नाही. पाटा हे अवजार आहे. त्याला स्वच्छ ठेवावे, हळदकुंकू वाहू नये.

तसेच पाळी आलेल्या मुलीने मसाल्याला, पापडाला हात लावायचा नाही, हा विटाळही घरातून गेला पाहिजे. विटाळाच्या नावाखाली आपल्याला पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. तोच विटाळ आपण आपल्या लेकीच्या वाट्याला कसा देऊ शकतो?

काही उपयोगाच्या गोष्टी

नवा दगडी खलबत्ता किंवा नुकतीच टाकी लावलेला पाटा लगेच वापरू नये. मूठभर तांदूळ आणि जाडे मीठ घालून तीन-चार वेळा कुटावे, ते टाकून द्यावे व खल धुवावा. रवा पांढरा निघेपर्यंत हे करावे, म्हणजे दाताखाली खर येत नाही.

लोखंडी किंवा पितळी खलात चिंच, लिंबू, कैरी कुटून ठेवू नये. आंबट पदार्थ धातूशी बाधतो. लोखंडी खल धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा.

खल दुमडलेल्या पोत्यावर ठेवावा, म्हणजे आवाज कमी होतो आणि फरशी फुटत नाही. बत्ता जोराने आपटू नये. तो उचलून त्याच्या वजनाने पडू द्यावा, म्हणजे खांदा भरून येत नाही. सुक्या मिरच्या कुटताना खलाच्या तोंडाशी हाताची आड धरावी आणि लहान मुलांना लांब बसवावे. बाळंतीण बाई किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली बाई यांनी डॉक्टर हो म्हणेपर्यंत कुटण्याचे काम करू नये.

जवसाची चटणी अशी करावी. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत. आठ-दहा सुक्या मिरच्या आणि चमचाभर जिरे वेगळे भाजावे. सारे गार झाल्यावर मिरच्या, जिरे आणि मीठ आधी कुटावे. मग जवस घालून जाडसर कुटावेत आणि शेवटी दहा-बारा लसूण पाकळ्या घालून सारखे करावे. कोरड्या डब्यात ही चटणी आठवडाभर सहज टिकते.

आता प्रश्नाचे उत्तर

बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्या वस्तीतले तरुण किलो-किलो लसूण सोलतात, मसाला कुटतात आणि मोठ्या पातेल्यात सगळ्या वस्तीचे जेवण रांधतात. म्हणजे पुरुषांना येत नाही असे नाही. मग घरी गेल्यावर त्याच हातांना पाच पाकळ्या जड का व्हाव्यात? दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे म्हणतात. गावाने आपल्याशी केलेली विषमता आपण सभेत ठणकावून सांगतो. घरातली विषमता रोज कानावर पडते, तिचा आवाज बत्त्याचा असतो.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की, पत्नीने पतीची दासी नव्हे तर मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे. समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत असत.

म्हणून आमची सर्व बांधवांना विनंती आहे. येत्या पौर्णिमेला विहारातून वंदना करून घरी आलात की बत्ता तुम्ही हाती घ्या. शेजारी मुलाला बसवा, त्यालाही शिकवा. घरातल्या बाईला तेवढा वेळ टेकू द्या, वर्तमानपत्र वाचू द्या. ज्याला ठेचा आवडतो, त्याने तो कुटायलाही शिकावे. समतेचा धडा मुले भाषणातून शिकतात त्यापेक्षा बापाच्या हाताकडे पाहून लवकर शिकतात.

जय भीम.