सूर्याजी पिसाळ की जागल्या?

जागल्या हा शब्द मराठीला नवा नाही. रात्रभर पहारा करायचा आणि काही विपरीत दिसलं की आरोळी ठोकून गाव उठवायचं, हे गावगाड्यातल्या जागल्याचं काम. सरकारी खात्यातली भानगड आतूनच उघड करणाऱ्या माणसासाठी वर्तमानपत्रांनी हाच शब्द उचलला. फरक एवढाच, की गावचा जागल्या चोराच्या नावाने ओरडायचा, हा मात्र ज्याचं मीठ खातो त्या पाटलाच्याच नावाने ओरडतो. म्हणून त्याच्यासाठी दुसरं नावही तयार असतं: फितूर, सूर्याजी पिसाळ.

एडवर्ड स्नोडेनला ही दोन्ही नावं २०१३पासून चिकटली आहेत. अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेचं काम तो एका कंत्राटदार कंपनीतर्फे करायचा. त्या जूनमध्ये हाँगकाँगच्या हॉटेलात बसून त्याने संस्थेची गुप्त कागदपत्रं पत्रकारांच्या हवाली केली. त्याच्यावरून भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक बरंच काही ठासून सांगतात, आणि त्यातलं पुष्कळसं ऐकीव असतं.

‘त्याच्यावर देशद्रोहाचा खटला आहे’

नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने स्वतः व्याख्या करून ठेवलेला गुन्हा एकच, देशद्रोह, आणि ती व्याख्या मुद्दाम अरुंद ठेवली आहे: देशाविरुद्ध युद्ध करणं, किंवा शत्रूला सामील होऊन त्याला मदत करणं. शिक्षेसाठी एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार लागतात, नाहीतर भर न्यायालयात दिलेली कबुली. स्नोडेनवर आरोप आहेत ते सरकारी मालमत्तेच्या चोरीचा एक आणि १९१७च्या हेरगिरी कायद्याखालचे दोन. लष्कराची गुपितं फोडणाऱ्या सैनिक चेल्सी मॅनिंगचंही तसंच. ‘शत्रूला मदत’ केल्याच्या आरोपातून लष्करी न्यायालयाने २०१३मध्ये तिला मुक्त केलं; ३५ वर्षांची शिक्षा झाली ती इतर कलमांखाली, आणि तीही ओबामांनी २०१७मध्ये कमी केली.

‘एवढाच खरा असेल तर कोर्टात येऊन सांगावं’

हा युक्तिवाद ऐकायला सर्वांत बिनतोड वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

हेरगिरीच्या कायद्यात ‘मी हे लोकहितासाठी केलं’ या बचावाला जागाच नाही. गुपित अनधिकृत माणसाला दिलं की नाही, एवढंच तिथे पाहिलं जातं. हे डॅनियल एल्सबर्गने स्वतः अनुभवलं. व्हिएतनाम युद्धाविषयी सरकार जनतेशी खोटं बोलत होतं, हे दाखवणारी सुमारे ७,००० पानं त्याने १९७१मध्ये वर्तमानपत्रांना दिली. खटल्यात त्याच्याच वकिलाने विचारलं, ही पानं का उतरवलीस? सरकारी पक्षाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती मान्य केली आणि उत्तर घशातच राहिलं.

एल्सबर्ग निर्दोष सुटला, असंही सर्रास म्हटलं जातं. तेही खरं नाही. जून १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला तो वर्तमानपत्रांच्या छापण्याच्या हक्काबद्दल. एल्सबर्गवरचा खटला तसाच उभा होता आणि त्यात एकूण ११५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. मे १९७३मध्ये खटला निकालात निघाला, कारण व्हाइट हाउसच्या माणसांनी एल्सबर्गच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडल्याचं उघड झालं. म्हणजे तो वाचला तो सरकारच्या घरफोडीमुळे. त्याचं म्हणणं बरोबर की चूक, हे ज्युरीने कधी ठरवलंच नाही. आज त्याला सगळे वीर म्हणतात. निक्सनच्या काळात तसं म्हणणारे इतके नव्हते.

‘आधी वरिष्ठांकडे तक्रार करायला हवी होती’

एनएसएचाच अधिकारी थॉमस ड्रेक याने नेमकं तेच केलं. वरिष्ठ, महानिरीक्षक, संसदेची समिती, सगळ्या पायऱ्या झिजवल्या आणि मग तो पत्रकाराशी बोलला. २०१०मध्ये त्याच्यावर दहा आरोप ठेवले गेले. वर्षभरात खटला ढासळला आणि एका किरकोळ गुन्ह्याच्या कबुलीवर, वर्षभराच्या देखरेखीवर मिटला. तोवर नोकरी गेली होती. पुढे तो अॅपलच्या दुकानात कामाला लागला. स्नोडेनच्या डोळ्यांसमोर हे उदाहरण होतं. शिवाय तो कंत्राटदाराचा माणूस, त्यामुळे कायम नोकरांना मिळणारं तुटपुंजं संरक्षणही त्याला पूर्ण लागू नव्हतं.

आपण यावर हसू नये. आपला जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. अंमल सुरू करणारी अधिसूचना मात्र वर्षानुवर्षं निघाली नाही.

‘सगळी गुपितं त्याने इंटरनेटवर ओतली’

ओतली नाहीत. काय छापायचं हे त्याने पत्रकारांवर सोडलं, आणि ‘गार्डियन’ व ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांना त्या बातम्यांसाठी २०१४चं पुलित्झर मिळालं. पण त्याच्या चाहत्यांनी एक गोष्ट गिळून टाकू नये. अमेरिका चीनमधल्या आणि हाँगकाँगमधल्या संगणकांत कशी घुसते, हे त्याने हाँगकाँगच्या एका वृत्तपत्राला सांगितलं. अमेरिकी नागरिकांच्या खासगीपणाशी त्याचा काय संबंध? दुसऱ्या देशाच्या संगणकांत डोकावणं हे हेरसंस्थेचं नेहमीचंच काम. त्याच्या बाजूचा असूनही मला याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

‘तो रशियालाच पळाला’

तो हाँगकाँगहून मॉस्कोला उतरला त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने त्याचा पासपोर्ट रद्द केला होता. लॅटिन अमेरिकेला निघालो होतो, असं तो सांगतो. महिन्याहून अधिक काळ तो विमानतळावरच अडकून पडला. आश्रयासाठी त्याने वीसेक देशांना अर्ज केले, त्यात भारतही होता. आपण लगेच नाही म्हटलं. गंमत अशी, की त्यानेच फोडलेल्या एका नकाशानुसार मार्च २०१३च्या एका महिन्यात एनएसएने भारतातून ६३० कोटी माहितीतुकडे गोळा केले होते आणि पाळतीत आपला क्रमांक जगात पाचवा होता. २०२२मध्ये पुतिन यांनी त्याला नागरिकत्व दिलं. हे त्याच्या बाजूला शोभणारं नाही, पण २०१३चा हेतू २०२२च्या पासपोर्टवरून वाचता येत नाही.

‘त्या पाळतीत बेकायदा काहीच नव्हतं’

मार्च २०१३मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना विचारलं होतं, कोट्यवधी अमेरिकनांची कसलीही माहिती तुम्ही गोळा करता का? क्लॅपर नाही म्हणाले. जाणूनबुजून तर नाहीच. तीन महिन्यांत पहिलीच बातमी आली की व्हेरायझनच्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोज एनएसएकडे जातात. क्लॅपर यांच्यावर खटला झाला नाही.

मे २०१५मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की ज्या कलमाच्या आधारे या नोंदी घाऊक गोळा होतात ते कलम तशी परवानगीच देत नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने कायदा बदलला. या पाळतीने दहशतवाद रोखला, असा दावा होता. सरकारनेच नेमलेल्या देखरेख मंडळाला मात्र एखाद्या दहशतवादविरोधी तपासाचा निकाल तिच्यामुळे बदलल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी दुसऱ्या एका अपील न्यायालयाने हीच पाळत बेकायदा ठरवली आणि ती उजेडात आली ती स्नोडेनमुळे, हेही निकालपत्रात नोंदवलं.

त्याच महिन्याच्या अखेरीस व्हर्जिनियातल्या न्यायालयाने आणखी एका प्रकरणात अंतिम आदेश दिला. गुप्ततेचा करार मोडून आत्मचरित्र लिहिल्याबद्दल स्नोडेनच्या पुस्तकाची आणि भाषणांची कमाई, ५० लाख डॉलरांहून जास्त, सरकारजमा करावी.