ठासणीचा एकच बार

हरणाची शिकार काही सेकंदांत संपली, तर शाबासकी बंदुकीला मिळते. ठासणीच्या बंदुकीच्या बाबतीत ती फार थोडी तिच्या वाट्याची असते. तोंडाकडून भरायच्या या बंदुकीला एका वेळी एकच बार. तो चुकला की नळीत पुन्हा दारू ओता, चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा घाला, शिशाची गोळी सोडा, गजाने ठासा, केप (ठोक्याने पेटणारी छोटी टोपी) चढवा, घोडा ओढा. सरावलेल्या हातालाही यासाठी अर्धं मिनिट तरी लागतं आणि तेवढ्यात भेकर दोन टेकड्या पार करतं. म्हणून या बंदुकीची यशस्वी शिकार चाप ओढण्याआधीच ठरलेली असते. ती ठरवतात अंतर, वारा आणि प्राण्याची इंद्रियं.

दापोली तालुक्यातलं आंजर्ले हे सगळं समजून घ्यायला उत्तम ठिकाण. पुढे समुद्र, एका अंगाला जोग नदीची खाडी, मधे नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे कड्यावरच्या गणपतीचा डोंगर आणि त्यापलीकडे आंबा-काजूच्या बागांत मिसळलेलं रान. कोकणातल्या अशा रानात भेकर राहतं आणि कोकणातल्या गावांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूकही आजवर टिकून आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी: भेकराची शिकार आज गुन्हा आहे. इथे प्रश्न विज्ञानाचा आहे.

दारू, धूर आणि खारी हवा

या बंदुकीत जळते ती काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. त्यात वजनाने सुमारे तीन चतुर्थांश सोरा असतो. कोळसा हे इंधन, गंधकामुळे मिश्रण कमी तापमानाला पेट घेतं आणि सोरा ऑक्सिजन पुरवतो. बंद नळीत बाहेरची हवा नसतानाही दारू जळते ती सोऱ्यामुळेच. पण तिच्या वजनाचा जेमतेम निम्मा भाग वायू होतो. उरलेला पोटॅशियमच्या क्षारांच्या बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतो किंवा नळीला चिकटतो. बार झाल्यावर शिकाऱ्यापुढे उभा राहणारा पांढरा धुराचा पडदा म्हणजे हेच कण. गोळी लागली की नाही हे त्याला काही क्षण दिसतच नाही.

नळीत राहिलेले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत न धुतलेली नळी लवकर गंजते. कोळसा आणि अशुद्ध सोराही ओल धरतात, मग दारू नुसतीच फुसफुसते. पावसाळ्यात या बंदुकीचा भरवसा का धरता येत नाही, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे.

ठिणगी पेटवण्याची रीत बदलत गेली. आधी जळता तोडा, मग चकमक. चकमकीच्या बंदुकीत बाहेरच्या कानातली, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या खळग्यातली, दारू आधी भडकते आणि क्षणभराने नळीतला बार उडतो. अलेक्झांडर फोर्सिथ हे स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक पक्ष्यांच्या शिकारीचे शौकीन होते. कानातली झळक दिसताच पक्षी हुशार होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. ठोका बसताच पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाचा वापर करून त्यांनी नवी कळ तयार केली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजची केप याच वाटेने आली. बंदुकीच्या इतिहासातली ही मोठी सुधारणा पक्ष्यांच्या नजरेमुळे सुचली होती.

चाळीस मीटर आणि शंभर मीटर

गोळीचा वेग मोजण्याची पहिली भरवशाची रीत इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये मांडली. टांगलेल्या जड लाकडी लंबकात गोळी मारायची आणि लंबक किती मागे झुलला यावरून तिचा वेग काढायचा. वेगवान गोळीला हवा जो विरोध करते तो गोळीच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त असतो, हे त्यातून निघालं. तोवर अनेक जण हा विरोध नगण्य धरत होते. हेच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची कामं पाहायला हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारले.

त्यांचं गणित आंजर्ल्याच्या डोंगरावर लावून पाहू. गोल गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटली असं धरलं, तर ४० मीटर जायला तिला साधारण ०.११ सेकंद लागतो. तेवढ्यात ती सहाएक सेंटिमीटर खाली येते. आवाजाला तेच अंतर कापायला ०.१२ सेकंद लागतो, म्हणजे बार ऐकू येण्याआधी गोळी पोचलेली असते. आता अंतर १०० मीटर करा. हवेच्या विरोधाने गोळी मंदावते, सुमारे ०.३२ सेकंद घेते आणि अर्धा मीटर खाली येते. आवाज मात्र ०.२९ सेकंदात पोचतो. इथे शर्यत आवाज जिंकतो.

शिवाय गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी कडेला घासत बाहेर पडते आणि कुठल्याही अक्षाभोवती फिरू लागते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो तशी तीही वळते, पण कुठे वळणार हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नळीला आतून पीळ पाडले की गोळी ठरल्या अक्षाभोवती फिरते आणि सरळ जाते. १८५७ च्या उठावात ज्या एनफिल्डच्या काडतुसांनी भडका उडाला, ती बंदूकही ठासणीचीच होती. फरक तिच्या पीळदार नळीचा. गावातल्या बंदुकीला बहुधा असे पीळ नसतात. त्यामुळे तिचा खरा टप्पा पन्नासएक मीटरच्या आतच.

हृदय किंवा फुप्फुसांवर नेमकी गोळी बसली की रक्तदाब कोसळतो आणि मेंदूचा प्राणवायू दहा-पंधरा सेकंदांत संपतो. तेवढ्या वेळातही प्राणी बराच लांब धावू शकतो. नेम एका वितीने हुकला, तर तेच जनावर जखम घेऊन दिवसचे दिवस रानात तडफडतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम ठेवला आहे. तिथल्या शिकाऱ्यालाही जवळ जाणं किंवा बार न काढता परतणं, हे दोनच पर्याय असतात.

मतलई वारा कुणाच्या बाजूने?

जवळ जायचं तर प्राण्याचं नाक चुकवावं लागतं. इथे शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे कामाला येतात. हिवाळ्याच्या रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. गावातून डोंगर चढणाऱ्याच्या तोंडावर तो येतो, त्यामुळे माणसाचा वास वर पोचत नाही. ऊन तापलं की जमीन समुद्रापेक्षा गरम होते, वारा उलटतो आणि गावाचा सगळा वास चढणीवर जातो. सकाळी दहानंतर खालून चढणाऱ्याला भेकर दिसत नाही, याचं निम्मं कारण हे. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्येचा वारा हे दैनंदिन चक्र झाकून टाकतो.

भेकराची बाजू

भेकर खांद्याशी जेमतेम दोन फूट उंच, वजनाने वीस-पंचवीस किलो, बहुधा एकटं हिंडणारं. नराला केसाळ खुंटांवर छोटी शिंगं आणि वरच्या जबड्यात बाहेर डोकावणारे सुळे असतात. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यामुळे नारिंगी आणि हिरवा त्यांना फारसे वेगळे वाटत नाहीत, पण हालचाल ती चटकन टिपतात. निश्चल उभा माणूस सुटून जातो, हललेलं बोट सुटत नाही.

संशय आला की भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, कधी तासभरसुद्धा. भेकराच्या चिनी भाऊबंदांवरचा १९८० मधला अभ्यास सांगतो, की नजरेला आडोसा आला की ही जात जास्त भुंकते. लपून बसलेल्या बिबट्याला त्याचा अर्थ कळतो: तुला पाहिलंय, आता दबा धरून उपयोग नाही. दाट झाडीत एकट्या राहणाऱ्या प्राण्याचं हे शस्त्र ठासणीपेक्षा जुनं आणि जास्त भरवशाचं आहे.

आजचा हिशेब

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भेकराला संरक्षण दिलं आहे, आणि पिकांचं नुकसान करणारा रानडुक्करही वनखात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. रात्री झाडीत काहीतरी हललं म्हणून काढलेला बार सोबत्यालाच लागल्याच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतात. धूर, अंधार आणि कुठे वळेल याचा नेम नसलेली गोळी एकत्र आल्यावर आश्चर्य वाटायला नको.

जिवंत भेकराची किंमत मोठी आहे. भारतातल्या कोरड्या जंगलांतल्या अभ्यासातून २००६ मध्ये पुढे आलं, की भेकरासारखे रवंथ करणारे प्राणी आवळा खाऊन त्याच्या बिया दूरवर टाकतात. भारतीय भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७ गुणसूत्रं असतात, सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी. माणसाला ४६ लागतात. गुणसूत्रं एकमेकांना जोडली जाऊन त्यांची संख्या कशी घटते, हे शास्त्रज्ञ या प्राण्यावरून शिकत आले आहेत.

तेव्हा वारा, अंतर आणि स्थिर उभं राहण्याचं हे शास्त्र दुर्बिणीसाठी वापरा. हिवाळ्यात पहाटे, मतलई वारा असताना, डोंगराकडे तोंड करून थांबा. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. आणि रानात बार ऐकू आला तर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर लगेच कळवा.