रोशाचा वास

एका आकड्यामुळे मी अक्राणीतल्या धडगावला आले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात रोशा गवताच्या तेलाची नोंद आहे. अक्राणी, तळोदा, शहाद्याच्या रानात पावसाळा सरला की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. १८७९-८० साली खानदेशात त्या १९७ होत्या. तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात पोचे आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई.

कार्तिकातली सकाळ. उतारावर एक पावरा बाई गवत कापत होती. मूठ धरायची, विळा ओढायचा, गवताच्याच पिळानं पेंढी बांधायची. मी रोशाचं विचारलं तेव्हा तिनं चार काड्या तळहातावर चुरून माझ्या नाकाशी धरल्या. गुलाब, आणि त्यामागून किंचित आल्याचा तिखटपणा. तो वास दिवसभर बोटांना राहिला.

"आधी एका दमात त्या खडकापर्यंत जायचे," ती म्हणाली. "आता मधेच विळा अडतो."

अडतो तो घाणेरीला, आणि गवतात दडलेल्या झाडोऱ्याच्या खुंटांना. झाडोरा वाढण्याचं एक कारण हवेत आहे. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. रोशा, कुसळी, पवन्या ही गवतं मुळात थोडक्या कार्बनवर भागवणारी. वाढीव साठ्याचा त्यांना फारसा उपयोग नाही. रोपट्यांना मात्र तो मानवतो. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांत बाभूळवर्गी रोपांची मुळं त्यानं पोसली. अशी रोपं वणव्यानंतर लवकर फुटतात.

पण सगळा दोष हवेचा नाही. गवताळ उताराला आपण 'पडीक' म्हटलं आणि तिथं खड्डे खणून झाडं लावली. गवत आपला कार्बन मुळांत, मातीत ठेवतं. वरून तो दिसत नाही, म्हणून मोजावासाही वाटला नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. एक मात्र खरं, की त्या १९७ भट्ट्यांना सरपणही लागे. उतार मोकळे राहण्यात त्या तोडीचाही हात असणार.

दिवाळीनंतर पाऊस आला तर कापलेलं गवत काळं पडतं, गुरं हुंगून सोडतात, एवढं सांगून ती पुन्हा वाकली.

निघताना मी तिला १९७ चा आकडा सांगितला.

"एवढं गवत कुठं होतं?" तिनं विचारलं. मग समोरच्या घाणेरीनं भरलेल्या उताराकडे विळा केला. "तिथं असंल."