आधी माझं ऐकून तर घ्या!

"गुडघा दुखतोय" म्हणायचा अवकाश, की समोरच्याचा गुडघा आपल्यापेक्षा जास्त दुखायला लागतो! मग त्यांचं तेल, त्यांचे डॉक्टर, त्यांच्या मेहुण्याचं ऑपरेशन. आपला गुडघा राहिला बाजूलाच.

यामागे थोडं शास्त्रही आहे. 2009 साली जपानी, डॅनिशसह 10 भाषांमधल्या गप्पा तपासल्या गेल्या. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम 200 मिलिसेकंद जातात. पण एक साधा शब्द जुळवून बोलायलाच मेंदूला सुमारे 600 लागतात. म्हणजे आपलं वाक्य चालू असतानाच पलीकडे उत्तर शिजत असतं. त्यात मराठीतला नकार येतो बहुधा शेवटी. "मी उद्या स्टेशनवर येणार नाही" यातलं 'नाही' हुकलं, की बसा ताटकळत!

डॉक्टरही सुटलेले नाहीत. अमेरिकेत 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांना दिसलं, की पेशंटचं बोलणं सरासरी 18 सेकंदांत मध्येच तोडलं जातं. उलट स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात (2002) डॉक्टर गप्प बसले, तर पेशंट सरासरी 92 सेकंदांत आपणहून थांबले.

आमच्या शेजारच्या काकांना हा आकडा लागू नाही, ते सोडा.