आधी खारं पाणी तयार करा, निमो मागाहून आणा

ईदीचे पैसे जमले, शाळेला सुट्टी लागली आणि घरातल्या लहानग्याने "अब्बू, निमो पाहिजे" असा हट्ट धरला, की पुढचं सगळं बहुतेक घरांत ठरलेलं असतं. रविवारी क्रॉफर्ड मार्केट नाहीतर कुर्ला गाठायचं. काचेची टाकी, निळा दिवा, मिठाची पिशवी आणि सात-आठ रंगीत मासे एकाच फेरीत टॅक्सीत घालून वांद्र्याला आणायचे. संध्याकाळी अर्धी बिल्डिंग बघायला येते. आठवड्याभरात पहिला मासा तळाशी आडवा पडलेला दिसतो आणि महिना संपायच्या आत टाकी रिकामी होते. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं दुकानदाराने आजारी माल दिला. आजारी माल मिळतोही कधी कधी. पण बहुतेक वेळा मासे मरतात ते पाण्यामुळे. ज्या दिवशी मासे आणले, त्या दिवशी ती टाकी मासे ठेवण्याजोगी झालेलीच नसते.

गोल्डफिश पाळलेल्या घरांत ही चूक जास्त होते. तिथे बादलीत नळाचं पाणी भरलं, अँटीक्लोरीनचे थेंब टाकले, मासा सोडला, आणि तो जगलाही. साहजिकच वाटतं की इथे फक्त मीठ जास्त घालायचं. पण हिशोब वेगळा आहे. मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. म्हणजे गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा कसाबसा सोसून नेतो, तेवढाच खाऱ्या टाकीत त्याचे कल्ले जाळतो.

हा अमोनिया खाणारे जिवाणू निसर्गात असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू दगडावर, वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घातले तर हा काळ कमी होऊ शकतो, पण "बाटली ओता आणि आजच मासे सोडा" हे ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

तर पहिला महिना टाकीत मासाच नको. खारं पाणी, दगड, वाळू, पंप, फिल्टर एवढंच चालू ठेवायचं. जिवाणूंना खायला काहीतरी हवं, म्हणून माशांच्या खाण्याची चिमूट किंवा सोललेल्या कोलंबीचा छोटा तुकडा आत टाकायचा. वास येतो, अम्मी कटकट करतात, तेवढं सहन करावं लागतं. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने पाणी तपासून तारखेसह वहीत लिहायचं. हे काम मुलांकडे द्यावं, त्यांना ते आवडतं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि पुन्हा चिमूटभर खाणं टाकल्यावरही शून्यावरच राहिले, की टाकी तयार झाली. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून ते चांगलं असतं असं नाही. अमोनियाला रंग नसतो. फिश टँकच्या खर्चात काटछाट करायची असेल तर दिव्यात करा, टेस्ट किटमध्ये नको.

समुद्र समोर आहे, पण पाणी तिथलं नको

वांद्र्यात राहणाऱ्याला एक मोह हमखास होतो. बँडस्टँड पाच मिनिटांवर, कार्टर रोड दहा मिनिटांवर, मग मिठाच्या पिशवीवर पैसे कशाला? दोन कॅन भरून आणू. हे करू नका. मिठी नदी शहराचा गाळ आणि सांडपाणी घेऊन माहीमच्या खाडीतून याच किनाऱ्यापाशी समुद्राला मिळते. महापालिकेचं सांडपाणीही वांद्रे आणि वरळीहून पाइपांनी समुद्रातच सोडलं जातं. पावसाळ्यात गोडं पाणी मिसळून खारटपणा कमी होतो तो वेगळाच. दगडांतल्या डबक्यांत खेकडे आणि छोटे मासे दिसतात म्हणून पाणी चांगलं असणार, हा युक्तिवाद टिकत नाही. ते जीव या किनाऱ्याला सरावलेले आहेत, प्रवाळ बेटांवरून आलेला मासा नाही.

त्यामुळे पाणी घरीच बनवायचं. आरओचं पाणी घ्या, पण टीडीएस मीटरने आकडा बघून. पिण्याच्या मशीनमधून येणाऱ्या पाण्यात बऱ्याचदा मुद्दाम थोडे क्षार ठेवलेले असतात. आपल्याला आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. मीठ मात्र मरीन सॉल्टच हवं. स्वयंपाकाचं किंवा खडे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर बरंच काही असतं. प्रमाण लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला सुमारे ७ किलो. आधी ड्रममध्ये मीठ घालून रात्रभर पंप फिरू द्या आणि रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ च्या आसपास काटा आला की वापरा. मासे असलेल्या टाकीत थेट मीठ कधीही टाकू नका.

एक गोष्ट नवखा हमखास उलटी करतो. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. पातळी खाली गेली म्हणून पुन्हा खारं पाणी भरलं की टाकी दर आठवड्याला अधिक खारट होत जाते. रोजची भर साध्या आरओ पाण्याची घालायची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

मोठी टाकी महाग दिसते, पण ती चूक जास्त सोसते. २० लिटरमध्ये एक मेलेला मासा सगळं पाणी नासवतो, २०० लिटरमध्ये तेवढा वेळ मिळतो. मात्र २०० लिटर समुद्राचं पाणी म्हणजेच २०५ किलो, वर काच, दगड आणि स्टँड. वांद्रे पूर्वेच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकी खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, बीमवर ठेवा, आणि शंका असेल तर आधी जाणकाराला विचारा.

आणि मुंबईचा उकाडा. या माशांना २४ ते २७ अंश मानवतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मासे वरती येऊन तोंड उघडझाप करू लागतात. बरेच जण पाण्यावर छोटा पंखा लावतात आणि हिवाळ्यात तो छान काम करतो. पण पंखा थंड करतो ते पाणी उडवून. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच पंखा कुचकामी ठरतो. चिलरचा खर्च परवडणार नसेल तर टाकी एसीच्या खोलीत ठेवण्याचा विचार आधीच करा.

कोणता मासा, किती आणि कधी

निमो म्हणजे क्लाउनफिश. २००३ च्या त्या पिक्चरमुळे तो घराघरांत पोहोचला, आणि नशिबाने सुरुवातीसाठी मासाही चांगला आहे. त्याला समुद्रफूल लागतंच असं नाही. हा मासा आता पिंजऱ्यात, म्हणजे टाक्यांतच पैदास केलेला मिळतो. केंद्र सरकारच्या सीएमएफआरआय या सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानने शोभेच्या समुद्री माशांचं काम हाती घेतलं आहे. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: पैदास केलेला की समुद्रातून पकडलेला? पैदास केलेला मासा कोरडं खाणं खातो आणि माणसांना घाबरत नाही. समुद्रातून पकडलेला किती हातांतून आला ते कळत नाही. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या बाजूला सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याचे प्रकार झालेले आहेत. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि नंतर मरतो.

निमोनंतर मुलं डोरी मागणारच. इथे ठाम नाही म्हणा. डोरी, म्हणजे निळा टँग, पुढे फूटभर वाढू शकतो आणि त्याला पोहायला सहा फुटांची टाकी लागते. दोन इंचांचं पिल्लू बघून फसायला होतं. स्वस्त मिळतात म्हणून डॅमसेल घेतले तर ते टाकीवर कब्जा करून बसतात आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला चावतात. मँडरिन दिसायला अप्रतिम, पण तो पाण्यातले सूक्ष्म जीव टिपून जगतो; नव्या टाकीत ते नसतात आणि तो हळूहळू उपाशी मरतो. लायनफिशचे काटे विषारी, लहान मुलांच्या घरात नकोच.

आधी क्लाउनफिशची एक जोडी. दोन लहान-मोठे घेतले तर मोठा पुढे मादी होतो, कारण हे मासे जन्माला नर म्हणूनच येतात. तीन-चार आठवडे थांबून, पाणी तपासून, मग पुढचा एखादा शांत मासा. एकदम पाच मासे आले तर जिवाणूंची वस्ती तेवढा भार पेलू शकत नाही आणि अमोनिया पुन्हा चढतो. भांडखोर मासा घ्यायचाच असेल तर सगळ्यांत शेवटी.

नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नये. एका साध्या छोट्या टाकीत चार आठवडे वेगळा ठेवावा. कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. अंगावर मिठाचे दाणे लागल्यासारखे ठिपके येतात, काही दिवसांनी जातात, आणि घरात सगळे खूश होतात. प्रत्यक्षात तो परजीवी गळून वाळूत पडलेला असतो आणि तिथे वाढून कित्येक पटींनी परत येतो. त्यावरचं तांब्याचं औषध मुख्य टाकीत टाकलं तर कोलंबी, गोगलगायी मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी साधारण अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. त्यापेक्षा आधीचे चार आठवडे कितीतरी स्वस्त.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मे महिन्यात कोकणात गावी जाताना टाकी शेजाऱ्यांवर सोपवली जाते, आणि शेजारी प्रेमापोटी मूठभर खाणं टाकतात. उपाशी राहून मेले नसते ते मासे त्या मायेने मरतात. एका दिवसाची एक अशा कागदाच्या पुड्या बांधून द्या आणि डबा कपाटात ठेवून जा.

कायद्याचं भान

दुकानात कुणी हळू आवाजात प्रवाळ किंवा समुद्री घोडा दाखवला तर हात जोडून बाहेर पडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्री काकडी येतात, म्हणजे वाघाला आहे तेच संरक्षण. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरची प्रवाळं हलवायची होती, तर महापालिकेलासुद्धा वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. किनाऱ्यावरून दगड उचलून आणणंही टाळा, त्यावर काय चिकटलेलं आहे ते आपल्याला ओळखता येत नाही. कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड घ्या, जिवाणू त्यावरही बसतात.

मन भरलं किंवा घर बदललं म्हणून मासे समुद्रात सोडू नका, आणि वांद्रे तलावात तर मुळीच नाही. हा तलाव एका श्रीमंत कोकणी मुसलमानाने बांधला असं सांगतात. त्यातलं पाणी गोडं, खाऱ्या पाण्यातला मासा तिथे थोड्याच वेळात मरेल. घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा की पुढे गरज पडली तर मासे परत घेणार का. काही दुकानदार घेतात, फक्त पैसे परत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये.