हप्ते बाकी असताना गाडी बदलायची तर
(गाडी आणि कर्ज : लेखांक ५)

मागच्या आठवड्यात हप्ता कसा ठरतो ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न. सात वर्षांचं कर्ज काढलेलं असतं, त्यातली तीन वर्षं सरलेली असतात, घरातली माणसं वाढलेली असतात आणि शोरूममध्ये कोणी सांगतं, ‘जुनी आणून सोडा, नवी घेऊन जा. राहिलेल्या कर्जाचं आम्ही बघतो.’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात तीन वेगळे व्यवहार आहेत : जुनं कर्ज फेडणं, जुनी गाडी विकणं आणि नवं कर्ज घेणं. आपल्यासमोर मात्र एकच आकडा ठेवला जातो, नव्या हप्त्याचा. हे तिन्ही आकडे वेगवेगळे, लिहून मागावेत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आधी कर्ज. समजा, सहा लाख रुपये दहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे ९,९६० रुपये. तीन वर्षांत आपण जवळजवळ ३,५८,६०० रुपये भरतो आणि मनात धरतो की आता अडीच लाखच राहिले. प्रत्यक्षात बाकी असते ३,९२,७०० च्या आसपास, कारण भरलेल्या पैशांतले दीड लाखांहून अधिक व्याजातच गेलेले असतात. हेच कर्ज पाच वर्षांचं असतं तर हप्ता १२,७५० च्या घरात गेला असता, पण तीन वर्षांनंतर बाकी फक्त २,७६,३०० उरली असती. लांब मुदतीत मुद्दल फार सावकाश उतरतं. गाडीची किंमत मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांतच झपाट्याने उतरते. मधेच गाडी बदलणाऱ्याची कोंडी इथे होते : गाडीला येतात चार लाख, आणि कर्ज बंद करायला लागतात त्याहून जास्त.

किंमत नेहमी हळूहळूच उतरते असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली म्हटल्यावर त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीचा भावही खाली येणारच. त्याआधी गाडी घेतलेल्यांच्या कर्जातला मात्र एक रुपयाही त्यामुळे कमी झाला नाही.

आता मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार. रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांप्रमाणे १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर असा आकार लावता येत नाही. पण गाडीची बहुतेक कर्जं ठरीव व्याजदराची असतात आणि त्यांना ही सवलत नाही. तिथे करारात लिहिलेला आकार द्यावाच लागतो. वरच्या उदाहरणात तो चार टक्के धरला, तर १५,७०० रुपये आणि त्यावर कर. म्हणून घासाघीस करण्याआधी बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून फोरक्लोजर स्टेटमेंट मागवून घ्यावं. त्यावर अमुक तारखेपर्यंत नेमके किती भरायचे हे लिहिलेलं असतं.

इथे सीमाभागातल्या मराठी वाचकाला एक हक्क सांगायला हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य पत्रक देणं बंधनकारक आहे, आणि ते कर्जदाराला कळेल अशा भाषेत असावं असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. औराद किंवा भालकीच्या माणसाला इंग्रजी कळत नसेल आणि कन्नड वाचता येत नसेल, तर त्याने ते मराठीत मागावं. हा आपला हक्क आहे. मुदतीआधी फेडण्याचा आकार आणि सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर याच पत्रकात असतो.

आपल्याकडे पैसा महिन्याला येत नाही, हीही अडचण आहे. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, तूर संक्रांतीनंतर, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. हप्ता मात्र दर महिन्याला. करारात अंशतः परतफेडीची सोय असेल तर तुरीच्या पैशातून मुद्दलात भर घालावी. वरच्याच कर्जात पहिलं वर्ष संपताना ५० हजार जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर तीन वर्षांनंतरची बाकी सुमारे ६१ हजारांनी कमी भरते. गाडी बदलायच्या दिवशी कोंडी होणार की नाही, ते बऱ्याचदा एवढ्यावर ठरतं.

यानंतर कागद. आरसीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा असतो, ज्याला सगळे ‘एचपी’ म्हणतात. पैसे भरल्याने तो आपोआप उतरत नाही. कर्ज देणाऱ्याची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओत दाखल झाल्यावरच उतरतो. बीदर, भालकी, बसवकल्याणचे लोक सोयीसाठी उदगीर, लातूर, सोलापूरच्या शोरूमकडे वळतात, आणि कर्नाटकात नोंदलेली गाडी तिकडे द्यायची तर आणखी एक पायरी चढावी लागते. दुसऱ्या राज्यात नोंदणी करायला इथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते, आणि बोजा असेल तर ती कर्ज देणाऱ्याच्या संमतीशिवाय मिळत नाही. नव्या मालकाला महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो, म्हणून तिकडचा व्यापारी तो खर्च आधीच भावातून कापून घेतो. कर्नाटकाचा आजीव कर देशातल्या सर्वांत चढ्या करांमध्ये मोडतो. गाडी राज्याबाहेर नोंदली गेली की उरलेल्या वर्षांचा काही कर परत मागता येतो. तो कोणी मागायचा आणि कोणाला मिळायचा, हे सौद्यातच लिहून घ्यावं. दोन्हीकडचे भाव विचारून, हे सगळं वजा-अधिक करूनच ठरवावं. नुसता भाव ऐकून लातूर गाठू नये.

सर्वांत जास्त काळजी मला वाटते ती सही करून दिलेल्या कोऱ्या फॉर्मांची. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी सोडून यायची, नाव मात्र महिनोन्महिने आपलंच राहायचं, हे सर्रास चालतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याचीच, मधे गाडी कितीही हातांतून फिरलेली असो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांसाठी वेगळे नियम आले आहेत. अशा व्यापाऱ्याला गाडी देताना फॉर्म २९सी ने आरटीओला कळवलं की तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. व्यापाऱ्याकडे अधिकृतता नसेल तर नाव बदलल्याची नोंद एम-परिवहनवर स्वतः पाहीपर्यंत त्याच्या मागे लागावं.

ब्रिटनमधले व्हिडिओ पाहून काही तरुण विचारतात की अर्धे पैसे भरून गाडी परत करता येते ना? तिथे १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याने भाडेखरेदीच्या करारात ती सोय आहे. आपल्या गाडी-कर्जाला ती लागू नाही. इथे गाडी परत केली तरी ती विकून कमी पडलेली रक्कम आपल्याच नावावर राहते.

एक छोटी पण पैशाची गोष्ट. विम्यातला नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं, तर नव्या गाडीच्या विम्यात स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

पुढच्या आठवड्यात जुन्या गाडीसाठी मिळणारं कर्ज पाहू. तिथे सांगितले जाणारे ‘सात टक्के फ्लॅट’ पाच वर्षांच्या मुदतीत घटत्या शिलकीवर साडेबारा टक्के कसे होतात, ते आकडे मांडून दाखवतो.